ताऱ्यांच्या जन्माचें गणित

शिरपूर हें गांव तापीच्या खोऱ्यांत, अरुणावती नदीच्या कांठीं, मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलें आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापीचें रुंद पात्र आणि भोंवतीं कापसाचीं काळीं रानें. हिवाळ्यांत वेचणीचे दिवस चालू असतां रात्रीच्या पहिल्या प्रहरीं पूर्वेस मृग नक्षत्र वर येतें. मृगाच्या पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण तेथील लहान मूलहि ओळखतें. त्या बाणाच्या दक्षिणेस आणखी तीन मंद ठिपके दिसतात. त्यांतील मधला ठिपका किंचित् धुरकट वाटतो, आणि त्याचें कारण असें कीं तो तारा नव्हे. तो वायूचा व धुळीचा एक प्रचंड ढग आहे. त्याचें अंतर सुमारें १,३५० प्रकाशवर्षें आहे. म्हणजे आज रात्रीं शिरपूरच्या माणसाच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश, बदामीला चालुक्यांचें राज्य नांदत होतें त्या काळीं तिकडून निघालेला आहे. या ढगांत तारे जन्माला येत आहेत.

तारे जन्मतात हें वाक्य आज सहज उच्चारलें जातें. परंतु एखादा तारा जन्मतांना आरंभापासून शेवटपर्यंत कोणी पाहिला आहे काय? कोणीहि नाहीं, आणि कोणाला पाहतांहि येणार नाहीं. सूर्यासारखा तारा ढगांतून वेगळा पडून स्थिर तेजानें तळपूं लागण्यास सुमारें पांच कोटि वर्षें लागतात. दुर्बीण हातीं आल्याला चारशेंहून थोडीं अधिक वर्षें झालीं आहेत. भर जत्रेंत एका माणसानें क्षणभर डोळे उघडून पुन्हां मिटावे, अशी ज्योतिषशास्त्रज्ञांची अवस्था आहे. त्या क्षणांत कडेवरचें मूल दिसतें, तरुण दिसतो, काठी टेकीत चाललेला म्हातारा दिसतो. परंतु मुलाचा तरुण होतांना कांहीं दिसत नाहीं. तो क्रम बुद्धीनें जोडावा लागतो. गेल्या साठ वर्षांत या कामीं बुद्धीच्या साहाय्यास एक नवें साधन आलें, तें म्हणजे गणकयंत्र; आणि त्याचें आजचें प्रचंड रूप म्हणजे महासंगणक.

हा विचार मात्र यंत्रापेक्षां पुष्कळ जुना आहे. इ. स. १७५५ मध्यें जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें आणि १७९६ मध्यें फ्रेंच गणिती लाप्लास यानें असें सुचविलें कीं सूर्य व ग्रह हे एकाच फिरत्या वायुमेघांतून उत्पन्न झाले असावेत. पुढें १९०२ मध्यें इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यानें या कल्पनेला गणिताचें अधिष्ठान दिलें. ढगांत दोन शक्तींची झुंज चाललेली असते. गुरुत्वाकर्षण सर्व द्रव्य आंत ओढूं पाहतें आणि वायूची उष्णता त्याला बाहेर ढकलूं पाहते. ढग पुरेसा थंड आणि पुरेसा दाट असला म्हणजे आकर्षण जिंकतें व ढग स्वतःच्याच भारानें कोसळूं लागतो. ज्या ढगांत तारे जन्मतात ते शून्याखालीं सुमारें २६० अंश इतके गार असतात. जगांतील सर्वांत तप्त गोलांची जन्मखोली ही अशी हिमाहून थंड असावी, हें सृष्टीचें एक नवलच होय.

येथवर कागद आणि लेखणी पुरते. ढग अगदीं वाटोळा, शांत आणि न फिरणारा मानला तर तो कसा आवळत जाईल हें मोजतां येतें. रिचर्ड लार्सन यानें १९६९ मध्यें त्या काळच्या गणकयंत्रावर तें मोजूनहि दाखविलें. परंतु खरा ढग वाटोळा नसतो. त्यांत खळबळ असते, चुंबकीय बल असतें, आणि तो फिरत असतो. गोफणीची दोरी बोटाभोंवतीं गुंडाळत जाऊन आंखूड झाली कीं टोंकाचा दगड अधिकाधिक जोरानें गरगरतो. त्याच न्यायानें ढग आवळूं लागला कीं त्याची गिरकी वाढते. मग सर्व द्रव्य मध्यभागीं पडूं शकत नाहीं. कांहीं भाग ताऱ्याभोंवतीं सपाट चकतीसारखा पसरतो, आणि त्या चकतींतच पुढें ग्रह घडतात. हीं सर्व बलें एकमेकांवर एकाच वेळीं परिणाम करीत असल्यामुळें त्यांचीं समीकरणें मांडतां येतात, पण सोडवितां येत नाहींत.

अशा वेळीं गणिती कोणता मार्ग धरतो? तो काळाचे बारीक तुकडे करतो. या क्षणीं प्रत्येक कण कोठें आहे आणि त्यावर किती ओढ आहे हें त्याला ठाऊक असतें. त्यावरून अगदीं पुढच्या क्षणीं तो कोठें असेल हें काढतां येतें. आणि त्या नव्या स्थितीवरून त्याच्याहि पुढच्या क्षणाची स्थिति. अशीं पावलें टाकीत लाखों वर्षांची वाट चालावयाची. खानदेशाला ही दृष्टि परकी वाटण्याचें कारण नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि रचला, त्यांत ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा विचार आहे. चंद्राची गति क्षणोक्षणीं पालटते, म्हणून दिवसभराची सरासरी धरून चालणार नाहीं, त्या क्षणाचीच गति घेतली पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळील पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यानें त्याला १२०७ मध्यें दान दिलें. तो शिलालेख तेथील देवळांत आहे. भास्कराचार्यांना ताऱ्यांच्या उत्पत्तीचें गणित ठाऊक होतें, असें म्हणणें हा भाबडेपणा होईल. पण पालटत्या गतीला क्षणांत पकडण्याची जी युक्ति, तीच आज महासंगणकाच्या पोटांत चालली आहे, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

युक्ति सोपी, पण श्रम किती! सूर्याचा व्यास सुमारें १४ लक्ष किलोमीटर आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारें साडेनऊ लक्ष कोटि किलोमीटर. एक प्रकाशवर्ष लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा ढगाचा एक तुकडा घेतला आणि त्याचे सूर्याएवढ्या मापाचे चौकोनी कप्पे पाडले, तर कप्प्यांची संख्या ३१ वर १९ शून्यें इतकी होते. २०२२ मध्यें अमेरिकेंत ओक रिज येथें चालू झालेल्या महासंगणकानें एका सेकंदांत १ वर १८ शून्यें इतकीं गणितें करण्याची मर्यादा ओलांडली. पृथ्वीवरील आठशें कोटि माणसांनीं प्रत्येकीं सेकंदाला एक याप्रमाणें अहोरात्र गणितें केलीं, तर त्या यंत्राचें एका सेकंदाचें काम उरकण्यास त्यांना चार वर्षें लागतील. तरीहि हा कप्प्यांचा हिशोब, आणि तोहि प्रत्येक क्षणाला नव्यानें, त्या यंत्रालाहि झेपणारा नाहीं.

म्हणून शास्त्रज्ञांनीं बळापेक्षां चातुर्याचा आश्रय केला. पहिलें चातुर्य असें कीं ढगाचे कप्पे सर्वत्र सारखे करावयाचे नाहींत. द्रव्य जेथें दाट तेथें ते बारीक आणि जेथें विरळ तेथें मोठे. १९७७ मध्यें याहून निराळी एक पद्धति निघाली. तींत कप्पेच काढून टाकून ढगाचे असंख्य लहान गोळे कल्पिले. ते गोळे द्रव्याबरोबर वाहत जातात आणि जेथें गर्दी होते तेथें गणितहि आपोआप सूक्ष्म होतें. दुसरें चातुर्य आकर्षणाच्या हिशोबांतील. एक लक्ष गोळे असले तर प्रत्येक जोडीची ओढ मोजण्यास पांचशें कोटि जोड्या होतात. पण सातपुड्याच्या माथ्यावरून रात्रीं खालीं पाहणाऱ्याला दूरच्या गांवाचे दिवे सुटे दिसत नाहींत, तो एकच उजेडाचा पुंजका दिसतो. त्याचप्रमाणें दूरच्या हजारों गोळ्यांना एकच मोठा गोळा समजून त्यांची ओढ एकदांच मोजली तरी चालतें. १९८६ मध्यें बार्न्स आणि हट या दोघांनीं ही रीत व्यवस्थित बसविली आणि काम कित्येक पटींनीं हलकें झालें.

तिसरें चातुर्य श्रमविभागाचें. महासंगणक म्हणजे एकच अचाट मेंदु नव्हे. ती हजारों लहान गणकांची पंगत आहे. ढगाची वांटणी करून एकेक भाग एकेकाकडे द्यावयाचा आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं आपल्या सीमेवरील स्थिति प्रत्येक पावलाला एकमेकांस कळवावयाची. येथें एक अडचण नेहमींची आहे. ज्याच्या वांट्याला विरळ भाग येतो त्याचें काम लौकर उरकतें व तो वाट पाहत बसतो; ज्याच्या वांट्याला जन्मता तारा येतो त्याला अतिशय लहान पावलें टाकावीं लागतात आणि सर्व पंगत त्याच्यासाठीं खोळंबते. काम सारखें वांटून देणें ही या शास्त्रांतील एक मोठी कला होऊन बसली आहे.

या श्रमांचें फळ काय मिळालें? २००२ मध्यें इंग्लंडांत मॅथ्यू बेट व त्याचे सहकारी यांनीं सूर्याच्या ५० पट द्रव्य असलेला, एक प्रकाशवर्षाहून थोडा मोठा असा ढग लेस्टर विद्यापीठांतील महासंगणकांत कोसळविला. गणितांतील गोळे सुमारें ३५ लक्ष होते आणि यंत्राचे सुमारें एक लक्ष प्रक्रियक-तास खर्चीं पडले. एकाच प्रक्रियकाला हें काम दिलें असतें तर तो अकरा वर्षें राबला असता. त्या गणितांत जें दिसलें तें वाटोळ्या शांत ढगाच्या चित्राहून फार निराळें होतें. तारे एकेकटे न जन्मतां घोळक्यानें जन्मले. एकाच द्रव्यासाठीं त्यांच्यांत ओढाताण झाली. आणि कांहीं दुर्बळ भावंडें पोटभर द्रव्य मिळण्यापूर्वींच घोळक्याबाहेर फेंकलीं गेलीं. अशीं अर्धपोटीं राहिलेलीं पिंडें तारा म्हणून पेटूंच शकत नाहींत. असे विझलेले पिंड आकाशांत खरोखरच आढळतात.

पुढें २०२१ मध्यें अमेरिकेंतील मायकेल ग्रुडिच व त्याच्या सहकाऱ्यांनीं सूर्याच्या २०,००० पट द्रव्याच्या ढगाचें गणित केलें. जन्मणारा तारा आपल्या दोन्ही ध्रुवांकडून वायूचे झोत बाहेर फेंकतो. हे झोत गणितांतून वगळले तेव्हां तारे अवास्तव जड निपजूं लागले. झोत घातल्यावर त्यांचीं वजनें आकाशांतील ताऱ्यांच्या जवळ आलीं. म्हणजे ताऱ्यानें किती खावें हें बऱ्याच अंशीं ताराच ठरवितो. आकाशांतल्या ताऱ्याचा झोत बंद करून पाहणें मनुष्याला शक्य नाहीं. गणितांत तें शक्य आहे. महासंगणकाचें खरें महत्त्व येथें आहे. ज्या शास्त्राला प्रयोगशाळा मिळणें अशक्य होतें, त्याला त्यानें प्रयोगशाळा दिली.

आतां ग्रहांकडे वळूं. चकतींतील धुळीचे कण एकमेकांना चिकटून खडे होतात, इथपर्यंत ठीक आहे. परंतु खडा वाढून हातभर-दोन हात झाला कीं संकट उभें राहतें. चकतींतला वायु किंचित् मंद गतीनें फिरत असल्यामुळें धोंड्याला सतत समोरचा वारा लागतो, त्याचा वेग मोडतो, आणि पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर धोंडा शंभर वर्षांच्या सुमारास सूर्यांत जाऊन पडतो. मग ग्रह बनलेच कसे? १९७७ पासून पुढें आलेलें हें कोडें बराच काळ सुटलें नव्हतें. २००७ मध्यें आंदर्स योहान्सन व त्याच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या गणितांत असें दिसलें कीं खडे एकटे न वाहतां झुंडीनें वाहूं लागतात, झुंडीला वारा कमी लागतो, मागून येणारे तींत सामील होतात, आणि शेवटीं सर्व झुंड आपल्याच आकर्षणानें कोसळून शेंकडों किलोमीटरचा पिंड एकदम घडतो. २०१९ च्या १ जानेवारीस एक अमेरिकन यान प्लूटोच्या पलीकडील एका लहानशा पिंडाजवळून गेलें. तो पिंड हळुवारपणें एकमेकांस टेकलेल्या दोन गोळ्यांचा निघाला. जोरदार टकरीची खूण त्यावर नव्हती. झुंडीच्या सिद्धांताला ही अनुकूल साक्ष मिळाली.

साक्षीची गोष्ट निघाली म्हणून येथें खानदेशांतल्याच एका साक्षीदाराचें नांव घेणें उचित होईल. शिरपूरच्या पूर्वेस, तापी-पूर्णेच्या संगमाच्या मुलखांत, एदलाबाद म्हणजे आजचें मुक्ताईनगर आहे. त्याच्या परिसरांत माणेगांव येथें २९ जून १८४३ रोजीं आकाशांतून एक दगड पडला. तो फुटून त्याचे तुकडे झाले आणि संग्रहालयांपर्यंत त्यांतील अगदीं थोडें द्रव्य पोहोंचलें. परंतु तेवढ्यावरून त्याची जात कळली. ती जात ‘डायोजेनाइट’ या नांवानें ओळखली जाते, आणि अशा दगडांचें माहेर मंगळ व गुरु यांच्या मधल्या पट्ट्यांतील ‘वेस्टा’ हा सुमारें ५२५ किलोमीटर व्यासाचा पिंड आहे, असें शास्त्रज्ञ मानतात. २०११-१२ मध्यें ‘डॉन’ नांवाच्या यानानें वेस्टाभोंवतीं प्रदक्षिणा घालून जीं मोजमापें केलीं, त्यांनीं या मताला बळकटी दिली. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक प्रचंड खळगा आहे. फार पूर्वीं तेथें बसलेल्या टकरीचा तो व्रण होय. त्या पिंडापासून उडालेला एक कपचा भटकत भटकत खानदेशाच्या काळ्या मातींत येऊन पडला.

या कपच्याची साक्ष अशी कीं तो एके काळीं वितळलेल्या शिलारसांतून, पिंडाच्या पोटांत गोठला. एवढासा पिंड वितळण्याइतका तापला कशानें? यावर सर्वांत संभवनीय उत्तर म्हणजे ॲल्युमिनियमची एक किरणोत्सर्गी जात. ती दर सात लक्ष वर्षांनीं निम्मी होते व क्षय पावतांना उष्णता देते. २० जून १९९६ रोजीं राजस्थानांत पिपलिया कलां येथें वेस्टाच्याच कुळांतला एक दगड पडला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेंतील संशोधकांना त्यांत या नष्ट झालेल्या ॲल्युमिनियमचे अवशेष सांपडले आणि तो निष्कर्ष त्यांनीं १९९९ मध्यें जगापुढें ठेवला. याचा अर्थ काय होतो तो पाहावा. वीस-एकवीस लक्ष वर्षांत या इंधनाचा आठवा हिस्साच उरतो. म्हणून वेस्टा वितळावयाची असेल तर सूर्यमालेच्या पहिल्या वीस-तीस लक्ष वर्षांच्या आंतच ती घडून गेली असली पाहिजे. सूर्यमालेचें वय सुमारें ४५६ कोटि वर्षें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा अवधि किती अल्प आहे तें कळतें. महासंगणकांतील ज्या चित्रांत पिंड याहून सावकाश वाढतात, तें चित्र कितीहि देखणें असलें तरी तें चुकीचें ठरतें. कोट्यवधि रुपयांच्या यंत्राला मुठींत मावणारा दगड खोटें पाडूं शकतो.

या विषयाचें मर्म येथेंच आहे. पडद्यावर फिरणारे रंगीत ढग आणि त्यांतून उमलणारे तारे पाहिले म्हणजे जणूं सृष्टीचें छायाचित्रच पाहिल्याचा भास होतो. पण तें छायाचित्र नव्हे. तो तर्क आहे. काय घातलें, काय गाळलें आणि पावलें किती लांब टाकलीं यावर त्याची किंमत ठरते. ढग मुळांत किती खवळलेला होता, चुंबकीय बल किती होतें, धूळ किती चिकट होती, या गोष्टी अजून पुरत्या ठाऊक नाहींत. म्हणून त्या तर्काला प्रतिक्षणीं साक्षीदार उलट तपासणीला हवे असतात. एक साक्षीदार दुर्बीण: २०१४ मध्यें चिलींतील ‘आल्मा’ या दुर्बीणसमूहानें ‘एच. एल. टाउरी’ नांवाच्या बालताऱ्याभोंवतींची चकती इतकी स्पष्ट दाखविली कीं तींतील वलयें मोजतां आलीं. आणि इतक्या कोंवळ्या वयांत अशीं वलयें पडावीं याची अपेक्षा पुष्कळांना नव्हती. दुसरा साक्षीदार दगड.

भारतानें या कामाचीं साधनें कशीं मिळविलीं, हेंहि थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. १९८० नंतरच्या दशकांत भारतानें अमेरिकेकडे महासंगणक मागितला तेव्हां हव्या त्या शक्तीचें यंत्र मिळालें नाहीं. मग १९८८ मध्यें पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच वर्षीं जन्मल्यासारखी एक दुसरी संस्थाहि पुण्यांत रुजत होती. जयंत नारळीकर यांनीं १९८८ मध्यें उभारलेलें ‘आयुका’ हें तें केंद्र. देशांतील कोणत्याहि विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला खगोलशास्त्राचीं साधनें वापरतां यावींत, हा तिच्या स्थापनेचा हेतुच होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं ‘परम रुद्र’ मालिकेचे तीन महासंगणक पुणें, दिल्ली व कलकत्ता येथें कार्यास लागले. त्यांतील पुण्याचा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठीं आहे.

ताऱ्यांच्या जन्माचें गणित मात्र महासंगणक असलेल्यांचीच मिरास राहिलेली नाहीं. ग्रहांच्या गतींचीं गणितें करणाऱ्या ‘रीबाउंड’सारख्या आज्ञावल्या २०१२ पासून कोणालाहि विनामूल्य मिळतात, आणि त्या साध्या घरगुती संगणकावर चालतात. शिरपुरांत आज अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें आहेत. तेथील एखाद्या मुलीनें किंवा मुलानें दहा-वीस पिंड एका सूर्याभोंवतीं सोडून लक्ष वर्षांनीं त्यांचें काय होतें तें पाहावयाचें ठरविलें, तर त्याला कोणाची परवानगी नको कीं लाखों रुपयेहि नकोत. समीकरणांशीं परिचय आणि चिकाटि एवढेंच हवें.

साक्षीदारांचें रक्षण मात्र सर्वांच्याच हातीं आहे. माणेगांवच्या दगडाचे उरलेसुरले तुकडे जपले गेले म्हणून वेस्टाची कथा सांगतां आली. जें द्रव्य हरवलें त्याबरोबर त्याच्या पोटांतली साक्षहि गेली. उद्यां एखाद्या शेतांत मोठा आवाज होऊन काळपट कवचाचा दगड पडला, तर तो फोडूं नये, त्याला शेंदूर फांसूं नये, त्याचे तुकडे वांटून घेऊं नयेत. तहसील कचेरीस कळवून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोंचेल असें करावें. देशांतील उल्कापाषाण सांभाळण्याचें काम त्या खात्याचें आहे. महासंगणक पुन्हां बांधतां येईल, चुकलेलें गणित पुन्हां करतां येईल. परंतु साडेचारशें कोटि वर्षें जपून ठेवलेली साक्ष एकदां चुरडली कीं ती पुन्हां मिळावयाची नाहीं.